नाकारलेलं टपाल

नवरा मालोजी लढाईत बेपत्ता झाल्याचा सरकारी कागद आला, तोवर जयवंताच्या घरी टपाल असं फारसं यायचंच नाही. यायची ती मनिऑर्डर, आणि अधूनमधून मालोजीचं कार्ड. कार्डावर चार ओळी, त्यातही एखादी फौजेतल्या साहेबानं काळ्या शाईनं खोडलेली. ते कार्ड ती देवाच्या कोनाड्यात ठेवायची. सासू भागूबाई ते रोज एकदा हातात घ्यायची, उलटंसुलटं करून बघायची आणि परत ठेवायची. वाचता दोघींनाही येत नव्हतं.

वाचून दाखवायचा तो धाकलू, जयवंताचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. जयवंतानं त्याला काखेत घेऊन वाढवला, आणि लग्न होऊन कर्जतजवळ उल्हासच्या काठच्या या गावात आली तेव्हा सोबत घेऊनच आली. मालोजीनं कधी हूं की चूं केलं नाही. तिच्या पोटी मूल झालं नाही, तेव्हा तर धाकलूच घरातलं पोर होऊन बसला. मालोजीनंच त्याला शाळेत घातला. आता तो भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता. त्याला तिथं खोली मिळाली होती, ठमी नावाची बायको होती, आणि दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे यायचा. आला की ओटीवर बसून आधी टपाल वाचायचा, मग जेवायचा.

बेचाळीस सालचा पावसाळा. मलायात मालोजीची पलटण शत्रूच्या हाती सापडली आणि मालोजीचा काही ठाव लागत नाही, असं त्या सरकारी कागदात होतं. मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नव्हतं, जिवंत म्हणावं तर तसंही नव्हतं. जयवंतानं कुंकू पुसलं नाही. भागूबाई म्हणाली, "माझा लेक येनार हाय, कुनी रडायचं नाय," आणि दोघी भातलावणीला गेल्या.

लावणीची आवणं झाली आणि टपाल सुरू झालं.

पहिलं आलं ते गुलाबी पाकीट. नागू टपालवाला चिखल तुडवत गल्लीत शिरला आणि त्यानं लांबूनच हाक मारली, "जयवंताबाय, पत्र!" तिनं हातातलं सूप तसंच टाकलं. पाकिटावर देवीचं चित्र होतं. दोन दिवस ते तिनं कनवटीला बाळगलं. धाकलू आल्यावर त्यानं वाचलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात एक ज्योतिष कार्यालय होतं. लढाईत हरवलेल्या माणसांचा ग्रहांवरून शोध लावून देतो, असं त्यांनी छापलं होतं. खाली मालोजीचं नाव हातानं लिहिलेलं.

"त्यांना कसं कळलं रं आपलं नाव?" जयवंतानं विचारलं.

"सरकार छापतं की यादी," धाकलू म्हणाला. "जगभर जाती ती."

मग रांगच लागली. भाग्योदयाची अंगठी. शत्रूच्या गोळीपासून राखणारा ताईत. मालोजीचा फोटो मोठा करून रंगवून देणारे. अनाथाश्रमाची पावतीपुस्तकं, केसांचं तेल, पंचांगं, कुठल्या तरी देवस्थानाचा अंगारा. नागू आला की जयवंता हातातलं काम टाकून अंगणात यायची. तो पिशवीत हात घालून चाचपायचा, तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांपुढं मालोजी घाट उतरून यायचा. आणि हातात पडायचं ते चित्राचं पाकीट. दर वेळी मालोजी तिच्यासाठी नव्यानं हरवायचा. हे कुणाला सांगून समजणार नव्हतं, म्हणून ती सांगत नव्हती.

पाकिटांचं एक ठीक, चुलीत तरी घालता येत होती. खरा जाच होता व्ही.पी.चा. न मागवलेलं पार्सल यायचं आणि पैसे भरून ते सोडवावं लागायचं. पहिल्याच वेळी ती धाकलूला म्हणाली, "मी मागवलंच नाय, तर घेऊ कशाला?"

"आक्का, सरकारी टपाल हाय ते," धाकलू हळू आवाजात म्हणाला. "तुज्या नावानं आलेली व्ही.पी. तू परत धाडलीस, तर वर नोंद व्हती. उद्या दाजींचा पगारबिगार बंद केला म्हंजे?"

त्या भीतीनं तिनं अंगठी सोडवली. मग ताईत सोडवला. मग एक तांब्याचं यंत्र. त्यापायी परड्यातल्या कोंबड्या गेल्या, मग भागूबाईची चांदीची वाकी गेली. म्हातारी वाकी काढून देताना म्हणाली, "माज्या लेकापरास का ती मोठी हाय?"

एकदा कर्जतच्या बाजारात इद्रिसभाईच्या दुकानात ती रेशनचं रॉकेल घ्यायला गेली होती. इद्रिसभाईचं घराणं मूळचं खाडीकडचं, पण तीन पिढ्या इथंच. मालोजी लढाईवर जाण्याआधी त्याच्याच दुकानातून मीठमिरची न्यायचा. त्यानं तिच्या बोटातली अंगठी पाहिली.

"ही व्ही.पी.नं आली काय?"

"व्हय."

"मलाही येतात असली पार्सलं. मी घेत नाय. नको म्हणून सांगतो, पोस्टवाला परत नेतो. परत जायचा खर्च ज्यानं धाडलं त्याच्याच बोडक्यावर बसतो. चारदा परत गेलं की आपोआप थांबतात."

"पन मग सरकार धरत नाय?"

इद्रिसभाई हसला. "सरकारला तेवढाच उद्योग हाय का, भाभी?"

जयवंता घुटमळली. मग म्हणाली, "माजा भाऊ तर वेगळं सांगतो. तो शिकलेला हाय."

इद्रिसभाईनं तिच्याकडे एकवार पाहिलं, रॉकेलचं माप डब्यात ओतलं आणि म्हणाला, "मग भाऊ सांगतो तेच बरोबर असंल."

घरी येताना तिला वाटलं, परका माणूस, त्याला काय ठाऊक. आपल्या जिवाची काळजी आपल्या माणसालाच.

पुढच्या सालची भातकापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. जयवंता खळ्यावरून पाणी न्यायला घरी आली, तर ओटीवर एक पाहुणा बसलेला. काळा कोट, काळी टोपी, कपाळाला गंध, पायाशी चामड्याची पिशवी. भागूबाई त्याच्यासमोर हात जोडून बसली होती.

"वहिनी, मी ज्योतिष कार्यालयाकडून आलो," तो शहरी बोलीत म्हणाला. "आमची पत्रं आली होती ना? आमच्या गुरुजींनी स्वतः अनुष्ठान केलं. तुमचे यजमान जिवंत आहेत."

भागूबाई रडू लागली. जयवंता उंबऱ्यात उभीच राहिली. इतकी पाकिटं आली, ताईत आले, तरी असं तोंडानं कुणी म्हटलं नव्हतं.

"कशावरून?" तिनं विचारलं.

पाहुण्यानं डोळे मिटले. "गुरुजींना ते दिसले. उघडे बसले होते. डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग आहे, पळसाच्या पानाएवढा. आहे ना?"

ती खांबाला धरून खाली बसली. डाग होता. हिवाळ्यात तो ओढायचा, तेव्हा ती त्याला खोबरेल लावून द्यायची.

"ते परत यायला सव्वा महिना राहिला आहे," पाहुणा सांगत होता. "फक्त ग्रह आडवा आहे. त्यांचं अंगावरचं एक वस्त्र हवं, आणि तुमचं डोरलं. अनुष्ठानात ठेवायचं, मग टपालानं परत येईल. भिऊ नका, वहिनी. असा माणूस देव मरू देत नाही. शेत भाजायच्या पेटलेल्या राबातून ज्यानं एका लेकराला बाहेर काढलं, स्वतः भाजून घेतलं, त्याचं पुण्य का वाया जाईल?"

जयवंताचा हात गळ्याकडे गेला होता. डोरल्याचा दोरा तिनं बोटात धरला होता. तेवढ्यात भागूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लेकरू? कंचं लेकरू, बाबा? माजा मालू तर इडीपायी भाजला. राबाशी बसून इडी ओढत व्हता मेला, ठिनगी पडली. शेजाऱ्याचा राब जाळलान, सारा गाव भांडाया आला व्हता."

पाहुणा चपापला. "तसंही असेल, आजी. दृष्टांतात थोडं इकडचं तिकडं होतं."

जयवंताचा हात गळ्यावरून खाली आला.

इकडचं तिकडं काही झालेलं नव्हतं. तो सांगत होता तेच खरं होतं. शेत भाजायला रचलेल्या त्या पाल्याला धाकलूनं काडी लावली होती. आठ-नऊ वर्षांचं पोर, काडेपेटीशी खेळत होतं. वारा सुटला आणि तो मध्येच सापडला. मालोजीनं आत उडी घेऊन त्याला उचलला. गाव धावून आलं तेव्हा मालोजी म्हणाला, माझ्या विडीनं पेटलं. परक्या गावात वाढणारं पोर, त्याच्या नावानं कायमचं बोट नको, असं त्यानं रात्री जयवंताला सांगितलं. आईलासुद्धा कळू दिलं नाही. हे तिघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक समुद्रापार नाहीसा झाला होता. दुसरी ती स्वतः होती.

ती उठली. पाहुण्याची पिशवी उचलून तिनं अंगणात ठेवली.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, असं काय करतीस? तो मालूचं सांगतोय..." भागूबाई कळवळली.

"उठा म्हनते ना!"

तो गेल्यावर सासूनं तिला लाख विचारलं. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, तो खोटा व्हता." विळा ओटीवर ठेवला, चार भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि भिवपुरीच्या वाटेला लागली.

वाटभर तिच्या मनात एकच होतं, की असं नसावं. धाकलूनं कुणा मित्राजवळ सहज बोलून टाकलं असेल. कुणी फसवून काढून घेतलं असेल त्याच्याकडून. वीजघराचे मोठाले नळ डोंगरावरून उतरताना दिसू लागले, तेव्हा ती त्याची बाजू मनात पुरती मांडून बसली होती.

खोलीत ठमी एकटीच होती. नणंद आली म्हणून तिनं लगबगीनं चहाचं आधण ठेवलं. भिंतीवर नवं घड्याळ टिकटिकत होतं, लंबकाचं, काचेच्या दाराचं.

"झ्याक हाय ना, वन्सं?" ठमी कौतुकानं म्हणाली. "ह्यांच्या कंपनीनं बक्षीस धाडलं. हे एजंट हायत ना त्यांचे. नावं धाडायची, पत्ते धाडायचे, येवढंच काम. आमच्या चाळीत कुनाकडं नाय असलं घड्याळ."

जयवंतानं चहाला हात लावला नाही. धाकलू पाळी संपवून आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, आणि तिच्याकडे पाहताच त्याला कळलं.

"आक्का, तू कवा आलीस?"

"तुजा मानूस आला व्हता घरी. आगीचं सांगून गेला."

धाकलूनं दारातूनच ठमीला बाहेर जायची खूण केली. ठमी हलली नाही.

"अगं, त्यांनी इचारलं, काय खूणबीण असली तर सांगा, शोध लवकर लागंल," तो म्हणाला. "मला वाटलं, खरंच शोधतील."

"खरंच वाटलं तुला?"

"पयल्यांदा वाटलं."

"आन मग?"

धाकलूची नजर घड्याळाकडे गेली.

"सरकार यादी छापतं म्हनालास. ती यादी तूच व्हतास व्हय रं?"

"आक्का, पत्र आलं की तू हसायचीस. मी बघत व्हतो ना. तुला कायतरी आशा..."

"व्ही.पी. परत धाडली तर पगार बंद व्हईल, हे कुनी शिकवलं तुला?"

"पार्सलं परत गेली तर माजं एजंटपन जातं," तो पुटपुटला. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "एकट्या तुजं नाय दिलं नाव! खालापूरपतुर जेवढी घरं पलटनीत हायत, समद्यांची दिली. तुज्याशी म्हनून काय वाकडं केलं नाय मी!"

हे ऐकून ती उठली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, त्याला मारू. लहानपणी एकदोनदा मारलंही होतं. पण आता हात उचलवेना.

"दाजींनी तुला आगीतनं काढला," ती म्हणाली. "तुज्यापायी साऱ्या गावाची बोलनी खाल्ली. आत्याबाई अजून त्यांना इडीवरनं नावं ठेवतात, आन मी गप बसते. आन तू तेच कागदावर लिवून धाडलंस. एका घड्याळापायी."

"आक्का, मी लिवतो त्यांना. तुजं नाव काढाया सांगतो."

"माजंच?" ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

घरी परतताना तिला रडू आलं ते मालोजीसाठी नव्हतं. काखेत घेऊन वाढवलेल्या त्या पोरासाठी होतं, आणि ते पोर कधी नाहीसं झालं ते आपल्याला कळलंच नाही, यासाठी होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कर्जतच्या टपाल कचेरीपुढं पलटणीतल्या घरच्या बायका जमल्या होत्या. मनिऑर्डरीच्या दिवसांत त्या तशा जमायच्याच. जयवंतानं सगळ्यांना इद्रिसभाईच्या दुकानासमोर बोलावून घेतलं. तिला वाटेत दहादा वाटलं होतं, की नुसतं सांगावं, पार्सलं घेऊ नका. कुणाचं नाव कशाला? मालोजीनं एकदा त्याला झाकला होताच. पण मग तिला भागूबाईचा बोडका हात आठवला.

"आपली नावं ज्यानं त्या लोकांना धाडली, तो माजा भाऊ हाय," ती म्हणाली. "धाकलू. वीजघरात हाय. त्यांच्याकडं कसली दिव्यदृष्टी नाय. येकाचंबी मानूस त्यांनी शोधलेलं नाय. व्ही.पी. आली की घेत नाय म्हनायचं. सरकार काय करत नाय. इचारा इद्रिसभाईंना."

इद्रिसभाईनं मान हलवली आणि बायकांना सगळं पुन्हा एकदा नीट समजावून सांगितलं. पण खालापूरकडून आलेली आवडी नावाची एक तरणी पोर मध्येच पुढं आली. तिचा नवराही मालोजीसारखाच बेपत्ता होता.

"माजी दुभती गाय गेली त्या यंत्रापायी," ती म्हणाली. "आन तू आता सांगतीस? तुज्या घरातनं निघालं हे, आन तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"कोन इस्वास ठेवील?" आवडी म्हणाली आणि तिथंच थुंकून चालती झाली. आणखी दोघीतिघी तिच्या मागं गेल्या. जयवंतानं त्यांना अडवलं नाही. त्यांच्या जागी ती असती, तर तीही थुंकली असती.

पण सांगितलेलं फुकट गेलं नाही. नागू दुसऱ्या दिवशी पार्सल घेऊन आला तेव्हा अंगणातच थबकला. "तुमी तोंडानं नको म्हटलं पायजे हां, जयवंताबाय. माज्या मनानं परत नेलं तर नोकरी जाईल माजी."

तिनं पार्सलाकडे पाहिलं. यात काही असेल तर, असं एकदा मनात येऊन गेलंच. मग तिनं विचारलं, "सरकारी हाय का? पलटनीचं हाय?"

"नाय."

"मग नको."

असं ती दर वेळी म्हणत राहिली. अनाथाश्रमाची पुस्तकं घेऊन दारात आलेल्यांना म्हणाली, फोटोवाल्याला म्हणाली. पाणवठ्यावर कळत होतं, की वरच्या वाडीत पोशाची बायको नको म्हणाली, पलीकडच्या गावात जैतूची आई नको म्हणाली. नागूची पिशवी परतताना जड असायची. त्या उन्हाळ्यात पार्सलं थांबली, मग पाकिटं विरळ झाली. पावसाळ्यात एखादं पंचांगाचं कार्ड आलं तेवढंच. मग नागू गल्लीवरून सरळ पुढं जाऊ लागला.

भागूबाईला ते रिकामेपण सोसत नव्हतं. "कुनाचंच कायबी येत नाय गं आता," ती म्हणायची. जयवंतालाही कधी संध्याकाळी त्या चित्रांच्या पाकिटांची आठवण यायची, आणि आठवण आली म्हणून स्वतःचाच राग यायचा. धाकलूचं एजंटपण गेलं होतं. तो यायचा थांबला होता. दोन दिवाळ्या भाऊबीजेचं ताट तिनं लावलं नाही, आणि त्यानंही निरोप धाडला नाही.

लढाई संपली. शत्रूच्या कैदेतून सुटलेले लोक जहाजानं मुंबईला उतरू लागले. आवडीचा नवरा परत आला, हाडांचा सापळा होऊन, पण आला. आणि हिवाळ्याच्या तोंडाला एका सकाळी नागू गल्लीत वळला. त्यानं लांबून हाक मारली नाही. अंगणात येऊन तो म्हणाला, "सरकारी हाय."

ते पाकीट जयवंतानं फोडलं नाही. सासूला शेजारणीजवळ बसवून ती कर्जतला गेली आणि इद्रिसभाईच्या हाती दिलं. त्यानं आधी स्वतःशी वाचलं, मग रहिमाला, आपल्या बायकोला, आतून हाक मारली. रहिमा जयवंताजवळ येऊन बसल्यावरच त्यानं मोठ्यानं सांगितलं. मालोजी कैदेतल्या छावणीत तापानं गेला होता. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात.

जयवंतानं ते पाकीट परत हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तो कोटवाला ओटीवर बसला व्हता, तवा ते आदीच गेलेले?"

"होय," इद्रिसभाई म्हणाला.

रहिमानं तिचा हात धरून ठेवला.

दहाव्याला धाकलू आला. नदीवर बाकीच्यांबरोबर त्यानं मुंडण केलं, लाकडं वाहिली, भांडी घासली, कुणी सांगेल ते काम मुकाट्यानं केलं. जयवंतानं त्याला कशाला नाही म्हटलं नाही. तेराव्याला पानं वाढली, तेव्हा इतरांसारखं त्यालाही वाढलं. भागूबाईला तिनं शेवटी राबाची खरी गोष्ट सांगितली होती. म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

ऊन उतरल्यावर धाकलू निघाला. अंगणात येऊन जयवंताच्या पायांपाशी वाकला. ती मागं सरली नाही, पण तिनं हातही उचलला नाही.

"आक्का, येतो मी."

तो तिथंच उभा राहिला. लहानपणापासून तो घराबाहेर पडताना ती 'ये रं लवकर' म्हणायची. शाळेत जाताना, पहिल्यांदा वीजघरात जाताना, दर खेपेला. तिनं अंगणातल्या पत्रावळी गोळा केल्या, गुरांपुढं टाकल्या आणि हात धुतले.

"जा," ती म्हणाली, आणि सासूला उठवायला घरात गेली.